केके गेला की गेले?

प्रिय मनू,

रविवारी मराठी शाळेतून आलीस ती वही टेबलावर आपटूनच. 'माझा आवडता गायक' या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या आणि तू केकेवर लिहिलंस. दोष माझाच, आपल्या गाडीत दुसरं काही लागतच नाही. शेवटची ओळ होती, 'केके २०२२ साली गेला.' बाईंनी त्यातल्या 'ला'वर लाल काट मारून वर 'ले' लिहिलं होतं.

"आई, तू तर नेहमी 'केके गेला' म्हणतेस. मग चुकलं कोण?"

मी पोळ्या लाटत होते. म्हणाले, "बाई बरोबर आहेत."

"म्हणजे तू चूक?"

"नाही गं, मी पण बरोबर आहे."

तू डोळे फिरवलेस आणि वर निघून गेलीस. तव्यावरची पोळी करपली ती वेगळीच. तेव्हापासून उत्तर जुळवतेय. तोंडी सांगायला गेले की तू मधेच इंग्रजीत शिरतेस आणि मग मीही शिरते, म्हणून लिहून देतेय. जोडाक्षरं अडली तर विचार.

बाईंचं आधी सांगते. मोठ्या माणसाबद्दल बोलताना क्रियापद अनेकवचनी लावायचं, हा आपला रिवाज. आजोबा आले, काका जेवले, सर म्हणाले. माणूस एकच, पण बोलायचं अनेक असल्यासारखं. वहीत, पेपरात, भाषणात हाच नियम, आणि परीक्षेत याचेच मार्क जातात. तेव्हा वहीतलं 'गेले' तसंच राहू दे.

पण घरात जरा कान देऊन ऐक. मी माझ्या वडिलांना, म्हणजे तुझ्या अण्णा आजोबांना, 'अहो' म्हणते आणि आजीला 'अगं'. "अहो अण्णा, गोळी घेतलीत का? अगं आई, फोन त्यांच्याकडे दे ना." फोनवर तू हे हजारदा ऐकलं असशील. म्हणून आजीचा मान कमी आहे का? आमच्या घरात तिच्या शब्दापुढे अण्णांचंही काही चालत नाही. तरी तिला 'तू'. देवाचंही तसंच. गणपतीला निरोप देताना 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतो तेवढंच, एरवी बाप्पाशी बोलताना 'तू'च. विठोबा तर काय, जनाबाईनं त्याला सरळ 'विठ्या' म्हणून झापलंय. सातशे वर्षं होत आली, अजून कुणी तिच्या ओळीवर लाल काट मारलेली नाही.

गाणारे आणि खेळणारे याच रांगेत बसतात. सचिन आउट झाला की घरातला टीव्ही बंद व्हायचा. 'तेंडुलकर आउट झाले' असं कुणी म्हटलं असतं तर आम्ही वळून त्याच्याकडे बघितलं असतं. त्याच २०२२च्या ६ फेब्रुवारीला लता मंगेशकर गेल्या, तेव्हा अण्णांचा सांगलीहून फोन आला होता. "लता गेली गं," एवढंच म्हणाले आणि मग बराच वेळ काही नाही. लताचं लहानपण सांगलीत गेलं, दीनानाथांचं बिऱ्हाड तिथे होतं, त्यामुळे सांगलीकर तिच्यावर जरा जास्तच हक्क सांगतात. पेपरात 'लतादीदी गेल्या' असं छापलं होतं. आणि ती खरोखर अण्णांसमोर येऊन उभी राहिली असती, तर हेच अण्णा हात जोडून 'दीदी, आपण बसा' म्हणाले असते, हेही तुला सांगून ठेवते. एकेरी हे पाठीमागचं असतं. तोंडावर नाही.

आता केकेचं.

मार्च १९९९मध्ये मी दहावीची परीक्षा दिली. निकालापर्यंत अडीच महिने मोकळे, सांगलीचा उन्हाळा, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. त्याच एप्रिलमध्ये 'पल' नावाचा त्याचा पहिला अल्बम आला. संगीत लेस्ली लुईसचं, शब्द मेहबूबचे. नवी कॅसेट विकत घ्यायला आमच्याकडे पैसे नसायचे, आम्ही कॅसेट भरून घ्यायचो. म्हणजे काय? हरभट रोडच्या आतल्या गल्लीत एक दुकान होतं. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, सोबत एक कोरी कॅसेट, आणि चार दिवसांनी जाऊन आणायची. दुकानदार कॅसेटच्या कागदावर बारीक अक्षरात गाण्यांची नावं लिहायचा, अर्धी चुकीची. माझ्या कॅसेटवर 'यारो' हे 'यादो' झालं होतं. हे बेकायदेशीर होतं हे आम्हाला तेव्हा माहीतही नव्हतं. तू मला आता त्यावरून भाषण देऊ नकोस.

त्या कॅसेटमध्ये 'यारों' हे गाणं ए बाजूच्या अगदी शेवटी बसवलं होतं आणि ते पुरतं मावलं नव्हतं. मधेच एका ओळीवर टेप संपायची. खट्. बटण वर. मी ते गाणं पुढची दोन वर्षं तेवढंच ऐकलं. पुढे सीडी आल्या, मोबाइल आले, पूर्ण गाणं शेकडो वेळा ऐकून झालं. तरी ती ओळ आली की माझा कान अजूनही 'खट्'ची वाट बघतो.

भरलेल्या कॅसेटवर फोटो नसतो. त्यामुळे तो दिसतो कसा हे आम्हाला कितीतरी दिवस ठाऊक नव्हतं. तोही स्वतः फारसा पुढे पुढे करणारा नव्हता, मुलाखती कमी, मिरवणं नाहीच. केके म्हणजे काय यावर आमच्या पैजा लागायच्या. माझी एक मैत्रीण छातीठोकपणे सांगायची की तो केशव कुलकर्णी आहे आणि मिरजेला त्याची मावशी राहते. मावशीच्या घराचा रंगसुद्धा सांगायची. पुढे कळलं, कृष्णकुमार कुन्नथ. मल्याळी घरातला, दिल्लीत वाढलेला, कॉलेजही तिथलंच, किरोडीमल. गाण्याचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही. १९९४ला मुंबईत आला आणि जाहिरातींची गाणी गात राहिला, साडेतीन हजारांच्या आसपास गायली म्हणतात. म्हणजे तो आमच्या घरात 'पल'च्या कितीतरी आधी येऊन गेला होता, साबण नाहीतर बिस्किटं विकायला. आम्हालाच पत्ता नव्हता. 'माचिस'मधल्या गाण्यात चौघांचे आवाज आहेत, त्यातला एक हा होता आणि एक आपल्या कोल्हापूरच्या सुरेश वाडकरांचा. बघ, वाडकरांना मी आपसूक आदरार्थी केलं. अण्णा त्यांना 'सुरेश' म्हणतात. ज्याचा त्याचा हक्क.

त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये वर्ल्ड कप होता, तर भारतीय टीमसाठीच्या गाण्यातही हाच. जूनमध्ये आमचा निकाल आणि 'हम दिल दे चुके सनम' एकदमच लागले. त्यातलं 'तडप तडप' आमच्या गल्लीत इतकं वाजलं की आजी वैतागून म्हणाली, "कुणीतरी त्याला पाणी द्या रे, किती कोकलतोय!" अण्णा बाहेर पेपर वाचत होते. ते एरवी नाट्यसंगीताखेरीज कशाला दाद देणारे नव्हेत. पेपर खाली न करताच म्हणाले, "गळा आहे पोराला." केके तेव्हा तीस वर्षांचा, मुलंबाळं असलेला माणूस होता. अण्णांनी त्याला 'पोर' करून टाकलं आणि त्या दिवसापासून तो आमच्या घरातला झाला.

बारावीला निरोप समारंभ होता. तुझ्या शाळेत असतं तसं हॉल भाड्यानं घेऊन नाही, कॉलेजच्याच हॉलमध्ये, समोसा आणि पेपरच्या ग्लासातलं सरबत. एक मुलगा 'यारों' म्हणायला उभा राहिला. वर्षभर मागच्या बाकावर बसून कधी तोंड न उघडलेला. सुरुवातीलाच त्यानं इतकी वरची पट्टी धरली की पुढे काय होणार हे सगळ्यांना कळलं. पहिलं कडवं संपायच्या आत लाईट गेली. माइक बंद, पंखे बंद, अंधार. आणि कुणी न सांगता सगळ्या वर्गानं ते गाणं उचललं. सरसुद्धा गात होते, सरांना शब्द येत होते याचंच आम्हाला नवल. ज्यांच्याशी दोन वर्षांत मी एक शब्द बोलले नव्हते त्यांचे आवाज मी अंधारात ओळखत होते. लाईट आली तेव्हा बऱ्याच जणी चुन्नी डोळ्याला लावून होत्या आणि तो मुलगा माइक हातात घेऊन तसाच उभा होता.

त्या वर्गाचा ग्रुप आहे ना माझ्या फोनवर, ज्यावर रोज सकाळी फुलांचे फोटो येतात? ३१ मे २०२२, मंगळवार. आपल्याकडे दुपारचे दोन वाजून गेले होते, मी घरूनच काम करत होते. फोन थरथरला. त्याच मुलाचा मेसेज. दोनच शब्द, 'केके गेला'.

कोलकात्याला नझरुल मंच नावाच्या सभागृहात कॉलेजच्या कार्यक्रमात गायला होता. गाताना मधेमधे घाम पुसतानाचे व्हिडिओ नंतर सगळीकडे फिरले. कार्यक्रम संपवून हॉटेलवर गेला, तिथे जास्त झालं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हृदय. ५३ वर्षं. दोन दिवसांनी मुंबईत वर्सोव्याला अंत्यसंस्कार झाले. कार्यक्रमाच्या शेवटी त्यानं 'पल' म्हटलं होतं. त्या गाण्याचे शब्द तुला पाठ आहेत, अर्थ तू स्वतः लाव.

त्या दुपारी ग्रुपवर तेवीस जणांनी काही ना काही लिहिलं. त्यात एक तहसीलदार आहे, दोघी डॉक्टर आहेत, एक जण मोठ्या कंपनीत इतका वर चढलाय की आम्ही त्याला चिडवायला 'साहेब' म्हणतो. सगळे आपापल्या ऑफिसात दिवसभर अहो-जाहो करणारे आणि करून घेणारे. तेवीस जणांत एकानंही 'गेले' लिहिलं नव्हतं.

मला तुला सांगायचं होतं ते इथे आहे, मनू. आपल्यात माणूस गेला की त्याला बढती मिळते. आमच्या गल्लीत गण्या म्हणून एक सायकल दुरुस्त करणारा होता. जन्मभर लहानथोर सगळ्यांनी त्याला गण्याच म्हटलं. तो वारला त्या दिवशी चौकातल्या फळ्यावर लिहिलं होतं, 'कै. गणपतराव यांचे दुःखद निधन.' आणि लोक बोलतानाही म्हणत होते, गणपतराव गेले. मरणानं तो एका रात्रीत अनेकवचनी झाला. यात खोटं काही नाही, जिवंतपणी द्यायचा राहिलेला मान लोक घाईघाईनं देऊन टाकतात. पण मान दिला की माणूस एक पाऊल लांब सरकतो. गण्याला कुणीही 'ए, हवा भर' म्हणू शकायचं. गणपतरावांना कसं म्हणणार?

काही थोडी माणसं अशी असतात की ती गेली तरी त्यांना लांब सरकवायला जीभ वळत नाही. लता तशी होती अण्णांची. केके आमचा. तो मला ओळखत नव्हता, समोर आला असता तर मी 'सर, एक फोटो काढू का?' असंच म्हणाले असते, अगदी ततपप करत. तरीही 'केके गेले' म्हणताना मला तो परका कुणीतरी वाटतो, ज्याच्या फोटोला हार घातलाय. 'केके गेला' म्हटलं की तो सोळाव्या वर्षीच्या माझ्या खोलीतून नुकताच उठून गेलेला असतो, आणि कॅसेट अजून गरम असते.

तुला आठवत नसेल, तू नऊ वर्षांची होतीस. त्या दिवशी बसमधून उतरून आलीस तेव्हा मी घरात नव्हते, ड्राइव्हवेत गाडीत बसले होते, इंजिन बंद. काच खाली केली तर तू दप्तर सावरत विचारलंस, "काय झालं? कोण होता तो?"

बघ. तूसुद्धा 'कोण होते ते' म्हणाली नव्हतीस. मी आवाजावरून ओळखलं की तुला नियम माहीत होता, तरी तू तो मोडलास, कारण मी रडत होते.

तेव्हा वहीत 'गेले' आणि गाडीत 'गेला'. बाईंशी वाद घालू नकोस. त्या माझ्याच वयाच्या आहेत, नागपूरच्या. एकदा वर्ग सुटल्यावर हळूच विचारून बघ, त्यांच्या कॉलेजच्या निरोप समारंभात कुठलं गाणं झालं होतं. विचारताना त्यांच्या तोंडून काय येतं ते ऐक आणि मला येऊन सांग.

तुझी,
आई

ता. क. शनिवारी सांगलीला फोन लावू तेव्हा अण्णांनाही विचार, 'गळा आहे पोराला' असं म्हणाले होते ते आठवतं का. त्यांना मात्र 'अहो' घालूनच विचार.