एमए राज्यशास्त्राचा सरकारला काय उपयोग?

प्रश्न: मॅडम, मी एमए राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे काका आधी जिल्हा परिषद सदस्य होते, ते म्हणतात धोरणं मंत्रालयात आणि पक्षाच्या बैठकीत ठरतात, तुमचे प्रोफेसर मागाहून त्यावर पेपर लिहितात, ते वाचतं कोण? मला उत्तरच सुचत नाही. खरंच काही उपयोग होतो का?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर: अगं, काकांचं निम्मं बरोबर आहे. २०११ ला महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांमधलं महिला आरक्षण ५० टक्के केलं, ते कुणाचा पेपर वाचून केलं असं मला नाही वाटत, त्यामागे राजकारणच होतं. पण आरक्षण दिल्यावर पुढे काय होतं हे बैठकीत बसून कळत नाही ना!

मुंबई महापालिकेचंच बघ. १९९७ ला जे वॉर्ड महिलांसाठी राखीव होते त्यातले बरेच २००२ ला खुले झाले. मग तिथे बायका परत निवडून आल्या का, की आरक्षण उठलं आणि सगळं जैसे थे? रिखिल भवनानी या राज्यशास्त्रज्ञाने नेमकं हेच तपासलं, २००९ ला अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यूमध्ये ते छापून आलं. वॉर्ड सोडतीने राखीव होतात, म्हणजे बाईला सोपा जाईल असा वॉर्ड कुणी मुद्दाम निवडलेला नसतो, त्यामुळे तुलना सरळ होते. निघालं काय, तर आधी राखीव असलेल्या वॉर्डात आरक्षण गेल्यावरही बाई निवडून यायची शक्यता दोन्ही वेळी खुल्या असलेल्या वॉर्डांच्या साधारण पाचपट होती. एकदा निवडून आलेल्या बायका मैदानात राहिल्या आणि बाईला तिकीट दिलं तरी सीट निघते हे पक्षांनाही कळलं.

आता हे आजच्या धोरणाला लागू पडतं की नाही सांग. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीत लोकसभा-विधानसभेच्या एक तृतीयांश जागा महिलांना आहेत आणि प्रत्येक मतदारसंघ पुनर्रचनेनंतर त्या फिरणार आहेत. जागा फिरली की बाईने पुढच्या वेळी उभं राहायचं कुठून, हा वाद आहेच, आणि त्यावर हवेत बोलण्यापेक्षा हातात मुंबईचा आकडा असलेला कधीही बरा.

तक्रार माझीही आहेच. १९९७ चं आरक्षण, २००२ ची निवडणूक आणि पेपर २००९ ला, तोही इंग्रजीत, आकडेमोडीने भरलेला, महापालिकेतला अधिकारी तो वाचणार कधी? मराठीत दोन पानं कुणीतरी लिहायला हवीत, हे काम आपल्या विद्यापीठांनी केलंच पाहिजे. शिवाय निवडून कोण आलं हे आकडा सांगतो, खुर्चीत बाई आणि कारभार नवऱ्याचा हे त्यात दिसत नाही, त्यासाठी गावात जाऊन बसावं लागतं.

तर तुझ्या डिझर्टेशनला हाच विषय घे. तहसील कचेरीतून तालुक्यातल्या सरपंचपदाच्या मागच्या दोन-तीन सोडतींच्या याद्या काढ, महिला आरक्षण उठलेल्या गावांत बाई परत उभी राहिली का बघ, आणि काकांना सोबत घे, कुठल्या गावात सही कोणाची आणि निर्णय कोणाचा हे त्यांना तोंडपाठ असणार.