पट्टा पिशवीत, आणि संतोष कसा येईल म्हणून विचारता?

"ताई, मी 54 वर्षांची. नोकरी सोडल्यावर योगवर्गाला जाऊ लागले. धाकटी जाऊही येते. तिचं पश्चिमोत्तानासन बघावं, पाय पसरून बसून पुढे वाकली की कपाळ थेट गुडघ्याला! माझे हात पोटरीच्या पुढे सरकत नाहीत. मॅडम पट्टा वापरा म्हणतात, तो पिशवीतच असतो. परवा जोर लावून अंगठे पकडले, रात्री कंबर धरली. योगातल्या यमनियमांतला संतोष, म्हणजे आहे त्यात समाधान, पाठ आहे; अंगी कसा बाणवू? एखादं ध्यान सुचवाल का?
– असमाधानी, कोथरूड"

ध्यानबिन काही सुचवणार नाही. मला तुमच्या त्या पट्ट्याबद्दल बोलायचंय. तो आपल्या पायांनी पिशवीत जाऊन बसत नाही. जाऊबाई बघतील म्हणून तुम्ही तो तिथे दडवता.

आणि तेही पुण्यात राहून! पट्टे, विटा, दोर, खुर्च्या यांच्या आधाराने आसनं शिकवणारे बी. के. एस. अय्यंगार 1937 साली याच शहरात आले आणि 2014 मध्ये इथेच गेले. लहानपणी क्षयासकट नाना आजारांनी पिचलेला मुलगा तो. अंग साथ देत नाही म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

ते यमनियम सांगणाऱ्या पतंजलींचं म्हणाल, तर त्यांच्या अख्ख्या योगसूत्रांत आसनावर जेमतेम तीन सूत्रं. बैठक स्थिर आणि सुखाची हवी, प्रयत्न सैल सोडावा, असं त्यांत आहे. पायाच्या अंगठ्याचा पत्ताच नाही. तुम्ही मात्र गुडघे वाकवून, पाठीला पोक काढून तो गाठलात. कंबर धरेल नाहीतर काय?

जाऊबाईंना यात ओढू नका. त्या स्वतःच्या गुडघ्याला कपाळ लावतात, तुमच्या नाही.

कंबर अजून दुखत असेल तर आधी मॅडमना खरं काय झालं ते सांगा, ती बरी होऊ द्या. मग वर्गात शिरल्या शिरल्या, चटई अंथरायच्याही आधी, पट्टा बाहेर काढायचा. मागच्या रांगेत जायचं नाही, जाऊबाईंच्या शेजारीच बसायचं. पट्टा तळपायांना अडकवा, दोन्ही टोकं धरा, गुडघे सरळ, पाठ लांब. श्वास कोंडला तर पट्टा थोडा सोडा. कपाळ कुठवर गेलं ते मोजू नका.

जाऊबाईंनी विचारलंच, "वहिनी, पट्टा कशाला हो?" तर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, "हात पोचत नाहीत म्हणून."