कंपनी कागद बघत नाही, यूएसएन बघते

‘मावशी, मी खानापूर तालुक्यातला. डिप्लोमा करून बीई मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेतला. एम-थ्री आणि एम-फोर हे गणिताचे दोन पेपर काही निघाले नाहीत. सध्या बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. रेझ्युमेत ‘बीई, 2021’ लिहून पुण्याच्या कंपनीची ऑफर मिळवली. घरच्यांनी गल्लीत कुंदा वाटला, आणि आता बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा फॉर्म आलाय. मित्राच्या ओळखीचा एजंट सर्टिफिकेट करून देतो म्हणतो. शिवाय एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डवर आडनाव नाही, आधारवर आहे. काय करू?’

बाळा, पहिलं काम, त्या एजंटाचा फोन उचलू नकोस. फॉर्मात यूएसएन, म्हणजे विद्यापीठानं दिलेला तुझा सीट नंबर, विचारलाय ना? तपासणारी एजन्सी तो नंबर थेट विद्यापीठाला कळवून विचारते. व्हीटीयूचं, म्हणजे तुझ्या विद्यापीठाचं, मुख्यालय आपल्याच बेळगावच्या मच्छेत आहे, तिथल्या रेकॉर्डला तुझ्या एजंटाचा शिक्का कळत नाही. रेझ्युमेतल्या थापेनं नोकरी जाते. फसवणुकीसाठी बनावट सर्टिफिकेट बनवलं तर भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत कैद आहे. आणि नोकरीसुद्धा आजच जाईल असं नाही. चार वर्षांनी, घराचे हप्ते चालू असताना, पुन्हा तपासणी झाली तर तेव्हाही काढतात.

फॉर्मवर सही करायच्या आधी एचआरला मेल कर. त्यात ‘टायपिंग मिस्टेक’ म्हणू नकोस, 2021 हे साल आपोआप टाइप होत नाही. सरळ लिही: ‘बीई पूर्ण झाल्याचं मी चुकीचं लिहिलं. दोन विषय बाकी आहेत. डिप्लोमा पूर्ण आहे. डिप्लोमाच्या पदावर विचार होईल का?’ बस, एवढंच. घरच्या अडचणी त्यात घालू नकोस.

ऑफर जाईल का? जाईल असंच धरून चाल.

तुझा रेझ्युमे बघून मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. डिप्लोमा तू अगदी तळाला, एका ओळीत ढकललायस. मशीनवर सेटिंग करणारा, ड्रॉइंग वाचणारा पोरगा कारखान्यांना हवाच असतो. डिप्लोमा वर घे, खाली उद्यमबागेतलं काम लिही. पीएफ कापत असतील तर यूएएनवरून, म्हणजे तुझ्या पीएफच्या नंबरावरून, तेही पडताळता येतं. बीईपुढं ‘दोन विषय बाकी’ असं स्पष्ट लिही.

नावाचं टेन्शन घेऊ नकोस. आडनाव एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही, हे आपल्याकडे घरोघरी आहे. नोटरीकडून अफिडेव्हिट कर आणि फॉर्मात दोन्ही नावं दे.

बाबांना आज रात्रीच सांग. ते ओरडतील, ओरडू देत. उद्या कॉलेजात जाऊन राहिलेल्या पेपरांना अजून बसता येतं का, ते विचारून ये. आणि एचआरचं उत्तर लेखी येईपर्यंत उद्यमबागेतला राजीनामा देऊ नकोस.