'मूकबधिरांचा लघुपट' छापावे का?

प्रश्न लातूरहून आला आहे. एका कर्णबधिर तरुणाने दिग्दर्शित केलेला लघुपट तालुक्यातालुक्यांत दाखवायचा आहे. पत्रकावर 'मूकबधिरांचा लघुपट' छापावे की 'दिव्यांगांचा लघुपट'? आणि श्रेयनामावलीत नावाआधी काही लावावे का?

'मूक' आधी काढून टाका. जन्मापासून ऐकू येत नसेल तर बोलणे आपसूक येत नाही, पण म्हणून गळ्यात दोष असतो असे नाही. शिवाय जो दिवसभर हातांनी बोलतो, युनिटला कामाला लावतो, त्याला मुका कसे म्हणणार? शाळांच्या जुन्या पाट्यांवर 'मूकबधिर विद्यालय' असते. ते त्या संस्थेचे नाव म्हणून तसेच लिहावे, माणसाला चिकटवू नये.

उरला 'बधिर'. संस्कृतात बधिर म्हणजेच ऐकू न येणारा. आपला 'बहिरा' त्यातूनच आला, गावाकडचा 'भैरा'ही तोच. त्या हिशेबाने 'कर्णबधिर' ही द्विरुक्ती झाली, असा आक्षेप कुणी ना कुणी घेतोच. पण मराठीत बधिर म्हणजे सुन्न. दाढ काढण्याआधी हिरडी बधिर करतात. त्यामुळे 'कर्ण' लावल्याशिवाय भागत नाही. बिनधास्त 'कर्णबधिर' लिहा.

'दिव्यांग' हा सरकारी अर्जावरचा शब्द, तिथे तोच चालवावा लागतो. पत्रकासाठी मात्र तो मोघम आहे. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. नुसते 'दिव्यांग दिग्दर्शक' वाचून आयोजकाला कळत नाही की सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलवायचा, की व्यासपीठाला उतार करायचा. त्यातल्या 'दिव्य'वर अनेकांचा आक्षेप आहे, तो वेगळाच.

खरी गोची मात्र 'चा' या प्रत्ययात आहे. 'कर्णबधिरांचा लघुपट' म्हणजे त्यांनी केलेला, त्यांच्यावरचा, की त्यांच्यासाठीचा? तिन्ही अर्थ निघतात, आणि वाचणारा बहुधा 'त्यांच्यावरचा' हाच धरतो. म्हणजे ज्याने केला तोच गायब! कर्णबधिर कुटुंबावरच्या 'कोडा'ला २०२२ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. त्यातल्या आई, वडील आणि भावाच्या भूमिका कर्णबधिर कलाकारांच्या, वडिलांचे काम करणाऱ्या ट्रॉय कोत्सर यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्करही मिळाले; पण दिग्दर्शिका शान हेडर ऐकू येणाऱ्या. उलट 'क्रिप कॅम्प' (२०२०) हा माहितीपट अपंगांवरचा आहेच, शिवाय त्याचे एक दिग्दर्शक जेम्स लेब्रेक्ट स्वतः व्हीलचेअर वापरतात. 'चा' लावला की दोन्ही एकाच पोत्यात जातात. म्हणून 'ने', 'वर', 'साठी' यांतला नेमका प्रत्यय निवडा: 'कर्णबधिर दिग्दर्शकाने केलेला लघुपट'. चार अक्षरे वाढतील, वाढू द्या.

श्रेयनामावलीत मात्र फक्त 'दिग्दर्शक' आणि नाव. छायाचित्रकाराच्या नावाआधी आपण 'चष्मेवाला' लिहीत नाही. पत्रकावर ओळख हवी का, हेही त्या दिग्दर्शकालाच विचारा.

पत्रकावर 'सबटायटलसह' एवढेच छापणार असाल तर थांबा. साध्या सबटायटलमध्ये फक्त संवाद असतात. प्रेक्षकाला आवाज ऐकू येतो हे त्यात गृहीत असते. कर्णबधिर प्रेक्षकाला पडद्याबाहेरून कोण बोलले तेही लागते आणि [मागून एसटीचा हॉर्न] हेही. त्याला क्लोज्ड कॅप्शन म्हणतात, पण ते बंद-चालू करता येत असेल तरच. गावातल्या प्रोजेक्टरसाठी ते चित्रातच पक्के बसवलेले बरे. मग 'ध्वनींच्या नोंदींसह सबटायटल' असे छापा. 'उपशीर्षके' शुद्ध आहे, पण बोलण्यात कुणाच्या येत नाही. एका वेळी दोनच ओळी ठेवा; तिसरी आली की नजर चेहऱ्यावरून आणि हातांवरून सुटते. पात्र 'काय करायलास?' म्हणत असेल तर खाली 'काय करतो आहेस?' असे प्रमाण करून लिहू नका. बोलीचा कान ज्याला नाही, त्याला ती निदान डोळ्यांनी तरी मिळावी.

'सांकेतिक भाषा' हा शब्द रुळला आहे, तोच ठेवा. 'हातवारे' नको: तिला स्वतःचे व्याकरण आहे, आणि प्रश्न आहे की विधान, हे पुष्कळदा भुवयांवरून ठरते. म्हणूनच अशा संवादाला मिडशॉट, म्हणजे साधारण कमरेपासून वरचे चित्र, लागतो. क्लोजअप घेतला तर हात कापले जातात, फार लांबून घेतला तर भुवया दिसत नाहीत; दोन्हीकडे वाक्य अर्धेच उरते. सेटवर 'कट' ओरडून उपयोग नसतो, हात किंवा टॉर्च हलवतात. दुभाषी बोलणाऱ्याच्या शेजारी, उजेडात, एकरंगी कपड्यांत उभा राहतो. नक्षीदार शर्टावर बोटे हरवतात. त्याचे श्रेय 'सांकेतिक भाषा दुभाषी' असे द्या. 'मदतनीस' लिहिले तर वाचणाऱ्याला वाटेल, दिग्दर्शन त्यानेच सांभाळले.