आधी पॉलिसी, मग राजीनामा, मग सोनं

प्रश्न: वय 34, भुसावळ. दोन वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन, केमो, रेडिएशन झालं, कॅन्सर परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी सुरू आहे. हाताला सूज येते, जळगावचं रोजचं अप-डाऊन झेपत नाही. नोकरी सोडून घरी शिकवण्या घ्यायच्या आहेत. माहेरचं सहा लाखांचं सोनं मोडून गृहकर्जात भरू का? कर्ज 9 लाख, व्याज 8.5 टक्के, 11 वर्षं बाकी. एफडी 2 लाख, हप्त्यासकट घरखर्च महिना 35,000. यजमानांचं दुकान आहे, एक मुलगा आहे. तिघांचा आरोग्य विमा माझ्या ऑफिसकडून.

ताई, मला सोन्यापेक्षा तुमच्या राजीनाम्याची काळजी जास्त वाटते. तुम्हा तिघांचा आरोग्य विमा तुमच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीवर दिसतोय. नोकरी सुटली की तो गेला. कॅन्सर होऊन गेलेल्या बाईला नवी पॉलिसी सहजासहजी मिळत नाही, आणि मिळाली तरी जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात. म्हणून नोकरीत असतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा. मंजूर झाला तर ग्रुपमधली वर्षं त्या थांबण्याच्या काळात धरली जातात. नकारही येऊ शकतो, त्यामुळे लेखी उत्तर हातात पडेपर्यंत राजीनामा नको. आजार लपवू नका. बायोप्सी रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड जोडा. यजमान आणि मुलाची पॉलिसी मात्र वेगळी काढा, तुमच्या अर्जापायी त्यांचं अडायला नको.

रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेचं 5 लाखांचं कवच आहेच, पण ते दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या उपचारांपुरतं. तुमचा यापुढचा खर्च बराचसा खिशातून जाणार. टॅमॉक्सिफेन स्वस्त असते, पण पाच ते दहा वर्षं चालते. वर्षाला मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. हाताची स्लीव्ह, म्हणजे सूज आवरणारी घट्ट बाही, साधारण सहा महिन्यांत सैल पडते, आणि एक धुवायला टाकली की दुसरी लागतेच, म्हणजे वर्षाला चार. सैल स्लीव्हवर भागवलं तर सूज वाढते आणि फिजिओथेरपीचं बिल त्याहून मोठं येतं. उलट लक्षणं नसताना ‘खात्रीसाठी’ दरवर्षी पेट स्कॅन (कॅन्सर शोधायला सगळ्या शरीराचा काढतात तो) करायची गरज नसते. कुणी सुचवलंच तर कशासाठी ते डॉक्टरांना विचारा.

आता सोनं. सहाच्या सहा लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज 32 महिन्यांत फिटतं, व्याज साडेचार लाखांच्या आसपास वाचतं. हिशोब मोहात पाडणारा आहे, कबूल. पण तेवढे महिने 10,500 चा हप्ता चालूच राहणार, पगार नसणार, आणि हाताशी फक्त एफडी. बँकेत भरलेले पैसे अडचणीत परत मागता येत नाहीत.

माझ्या मते तीन लाखांचंच सोनं मोडा आणि हप्ता 7,000 वर आणा. उरलेलं तसंच ठेवा. त्यावर तीन-चतुर्थांश धरलं तरी सव्वादोन लाखांचं सोनेतारण कर्ज मिळतं. एफडी धरून सव्वाचार लाख, म्हणजे वर्षभराचा घरखर्च.

सोनं मोडायचं ते नोकरी सुटल्यानंतरच्या आर्थिक वर्षात. जुन्या सोन्यावरच्या नफ्याला 12.5 टक्के कर लागतो, पण तुमचं बाकी उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या, म्हणजे नव्या करपद्धतीत 4 लाखांच्या, आत असेल तर उरलेली मर्यादा या नफ्यातून वजा होते. शिकवण्यांचं उत्पन्न त्यात धरायला विसरू नका. जळगावच्या सराफाकडे गेलात तरी शुद्धता आणि खडे काढून वजन डोळ्यांसमोर करून घ्या, पैसे खात्यात घ्या. आणि बँकेत भरताना ‘मुदत नको, हप्ता कमी करा’ असं लेखी द्या. न सांगितल्यास बऱ्याचदा मुदतच कमी होते.