पेशी कमी झाल्या, की मांस?

इंदूरच्या सुदामानगरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासूबाई ७९ वर्षांच्या, वर्षभरात वजन जवळपास तेवढंच, पण आता जिना चढवत नाही. डॉक्टरांनी त्यांना वजनकाट्यासारख्या एका मशीनवर उभं केलं, आणि कागदावर हिंदीत लिहून आलं : ‘मांसपेशियाँ कम, वसा सामान्य, पिंडली ३० सेमी, फ्रेल’. घरात एकच घबराट : पेशी कमी म्हणजे मागे डेंग्यूत झालं होतं तसंच का? आणि या शब्दांना मराठीत म्हणायचं काय?

आधी घबराटीचं. इथे रक्ताचा काही संबंध नाही. घोटाळा ‘पेशी’ या शब्दाने केला आहे. आपण मराठीत ‘पेशी कमी झाल्या’ म्हणतो तेव्हा प्लेटलेट्स किंवा पांढऱ्या पेशी मनात असतात. हिंदीत त्या पेशीला कोशिका म्हणतात आणि ‘मांसपेशी’ म्हणजे आपला स्नायू. (इंदुरात नुसतं ‘पेशी’ म्हटलं तर कोर्टाची तारीखही आठवते, पण ती फारसीतून आलेली, वेगळी.) गंमत अशी की इथे हिंदीच जुन्या अर्थाला धरून आहे. सुश्रुताने शरीरात पाचशे पेशी मोजल्या त्या मांसाच्या, आणि नऊशे स्नायू सांगितले ते बांधून ठेवणाऱ्या दोऱ्यांसारखे. आपण स्नायूला मांसाच्या जागी बसवलं आणि मोकळी झालेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली नेऊन ठेवली. तेव्हा कागदावरच्या ओळीचं मराठी ‘स्नायू कमी, चरबी ठीक’ एवढंच.

पण सासूबाईंना सांगताना मी ‘स्नायू’ही म्हणणार नाही. ‘अंगावरचं मांस उतरलंय’ म्हणेन. म्हातारपणी मांस झडण्याला डॉक्टर ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. अमेरिकी पोषणतज्ज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये हा शब्द सुचवला तो ग्रीकमधून : सार्क्स म्हणजे मांस, पेनिया म्हणजे उणीव, दारिद्र्य. आपल्याकडे ‘मांसक्षय’ तयारच होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात त्याची लक्षणं आहेत : नितंब, गाल, मांड्या, मान सुकणं, आणि पिंडिका सुकणं. पिंडिका म्हणजेच तुमच्या कागदावरची पिंडली, काही घरांतली पिंढरी, पुण्याकडची पोटरी. आजही डॉक्टर तिच्याभोवती टेप लावतात. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये पहिल्या चाळणीसाठी, म्हणजे कोणाला पुढे तपासायचं हे ठरवायला, धरलेली हद्द पुरुषांना ३४ आणि बायकांना ३३ सेंटिमीटर. म्हणून ३० पाहिल्यावर पुढची तपासणी सांगितली असणार. मात्र पाय सुजलेले असले तर हाच आकडा फुगतो आणि उगाच धीर देतो.

सूज त्या मशीनलाही फसवते. मशीन अंगातून अगदी बारीक वीज सोडतं. मांसात पाणी भरपूर, त्यातून ती सहज जाते, चरबीत अडते, आणि या अडण्यावरून मांस किती, चरबी किती याचा हिशेब काढतात. म्हणजे तो अंदाजच, सुरीने वेगळं करून तोललेलं नव्हे. तरी नुसत्या वजनकाट्यापेक्षा बरा, कारण मांस जाऊन त्या जागी चरबी आली तर काटा हलतच नाही. ‘वजन कुठे कमी झालंय, मग खाणं पुरतंय की’ या समजुतीतच घरची माणसं राहतात.

खरं तर मराठीला हे कळत होतं. रोड, लुकडी, हडकुळी हे शब्द नुसते डोळ्यांना दिसतं ते सांगतात. पण ‘काटक’ आणि ‘फोपशी’ ही जोडी बघा. काटक बाई वजनाला कमी, पण कळशी उचलेल. फोपशी बाई भरलेली दिसते, पण अंगात जोर नाही. चरबी पुरेशी आणि मांस कमी, याला ‘फोपशी’हून नेमका शब्द मला सुचत नाही. फक्त तो सासूबाईंसमोर वापरू नका!

उरला ‘फ्रेल’. ‘अशक्त’ अपुरा वाटतो, तापातून उठलेला तरुणही अशक्तच असतो. ‘जर्जर’ म्हटलं की आजारच डोळ्यांपुढे येतो. फ्रेल म्हणजे अजून चालतंय-फिरतंय, पण साधं सर्दी-पडसंही अंथरुणाला खिळवेल असं माणूस. त्याला आपली ‘तोळामासा प्रकृती’ छान बसते. यातला मासा वजनाचा, बारा माशांचा एक तोळा, मूळ संस्कृत माष म्हणजे उडीद; मांसाशी त्याचं नातं नाही. हिंदीत ‘पल में तोला पल में माशा’ लहरी स्वभावाला म्हणतात, तेव्हा शेजारच्या भाभींना सांगताना जरा जपून. त्या समजतील, तुम्ही सासूबाईंच्या स्वभावाबद्दलच बोलताय.