मुलगा 13 वर्षांखालील संघात फुटबॉल खेळतो, गोल करूनही पेपरात नाव येत नाही. क्रीडा पत्रकाराकडे पाठपुरावा कसा करावा?

करू नका. एवढंच लिहून थांबणार होतो, पण ‘गोल करूनही’ हे दोन शब्द डोळ्यांपुढून हलेनात.

मी 11 वर्षं क्रीडा पानावर काढली. मुलांच्या सामन्याला आमच्यातलं सहसा कुणी जात नसे. रविवारी एकाच वेळी पाच-सहा मैदानांवर सामने आणि डेस्कवर माणसं दोन. प्रशिक्षक किंवा संघ व्यवस्थापक फोनवर निकाल सांगणार, गोल कुणी केले ते सांगणार, त्यावर आम्ही सहा ओळी रचणार. संध्याकाळी उशिरा एखादी जाहिरात आली की सहाच्या तीन व्हायच्या. बातमी कापतात ती खालून. तुमच्या मुलाचं नाव कुणी आकसाने गाळलं नसेल, ते बहुतेक तळाच्या ओळीत असेल.

पण गोल कुणाचा, यावरून मी एकदा जो घोळ घातला तो सांगतो.

14 वर्षांखालील मुलांची अंतिम लढत, निकाल 3-2. हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाचा फोन आधी आला. वैतागलेला होता. म्हणाला, तिसरा गोल आमच्याच पोराच्या पायाला लागून गेला. मी त्या बचावपटूचं नाव आडनावासकट टाकलं आणि लिहिलं, ‘अखेरच्या मिनिटातील स्वयंगोलाने घात केला.’ घात हा शब्द माझा. प्रशिक्षक तसं काही बोलला नव्हता. ओळ जरा उठून दिसावी म्हणून घातला. जिंकलेल्या संघाला उलट फोन लावून विचारलंही नाही, कारण पान सोडायची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. फटका मारणाऱ्या मुलाचे वडील. ‘माझ्या मुलाची हॅट्‌ट्रिक खाल्लीत तुम्ही.’ दुपारपर्यंत आणखी तीन फोन, चारला गृहस्थ स्वतः ऑफिसात हजर. मी मुद्दाम त्यांना बाहेर बसवून ठेवलं, चांगला पाऊण तास. आत आल्यावर म्हणालो, ‘साहेब, पोरांची मॅच आहे, वर्ल्ड कप नाही.’ ते काही बोलले नाहीत. मोबाइल पुढे केला.

व्हिडिओ मी उभ्या उभ्याच पाहिला. चेंडू सरळ खांबाच्या आत चालला होता. बचावपटूने पाय लांबवला, निसटता स्पर्श झाला, चेंडू जाळ्यात. फटका गोलाच्या दिशेनेच असेल तर मध्ये कुणाला लागला तरी गोल मारणाऱ्याचा; बाहेर चाललेला चेंडू कुणाला लागून आत वळला तर स्वयंगोल. नियमपुस्तकात हे लिहिलेलं नाही, गोल नोंदवायचा हा संकेत आहे. क्रीडा पानावर बसणाऱ्याला तो पाठ असतो. मलाही होता.

म्हणजे ते गृहस्थ बरोबर होते. आवडले मात्र नाहीत, आजही आवडत नाहीत. प्रत्येक वाक्यात ‘माझा मुलगा’. ज्या पोराच्या नावावर फुकट स्वयंगोल चढला होता त्याचा उल्लेख एकदाही नाही. तरी मी क्रीडा संपादकांकडे गेलो, म्हणालो, दुरुस्ती लावू या. ते म्हणाले, ‘पोरांच्या सामन्याला शुद्धिपत्र लावलं तर उद्या एकेक बाप दारात उभा राहील.’ मला हायसं वाटलं. हे कबूल करायला हवं. बाहेर येऊन सांगितलं, जागा नाही.

दोनेक महिन्यांनी खरोखरच एका सामन्याला गेलो. तोच बचावपटू खेळत होता आणि त्याच्याच संघातली मुलं त्याला हाक मारत होती, ‘ए घात, इकडे दे!’ त्याच्या घरून कधीच फोन आला नव्हता. पेपरवाल्यांना असा फोन करता येतो, हेच कदाचित त्यांना ठाऊक नसेल.

तिथून माझा आणि संपादकांचा जो वाद सुरू झाला तो मी नोकरी सोडेपर्यंत चालला. त्यांचं म्हणणं, नावं छापली की अंक खपतो, एका नावामागे एक अख्खं घर असतं. माझं म्हणणं, 14 वर्षांखाली स्वयंगोल, हुकलेली पेनल्टी, गोलरक्षकाची चूक यांना नाव द्यायचंच नाही. आणि चुकीचं छापलं तर दोन ओळींची का असेना, दुरुस्ती लावायचीच. ते मला हळवा म्हणायचे. नॉर्वेत तर क्रीडा महासंघाचा नियमच आहे की 11व्या वर्षापर्यंत मुलांच्या स्पर्धांचे गुणतक्ते नाहीत, क्रमवारी नाही. हे सांगितल्यावर ते हसून म्हणाले, ‘मग पान काय कोरं सोडू?’ याला मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज सुचतं: खेळ कसा झाला ते लिहा ना. पण त्यासाठी मैदानावर जावं लागतं.

कौतुकाचीही हीच गत. अमेरिकेतला फ्रेडी अडू 2004 साली 14व्या वर्षी तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये उतरला. त्याला पुढचा पेले म्हणून पेपरांनी डोक्यावर घेतलं. पुढे तो देशोदेशींचे क्लब बदलत राहिला, मोठ्यांच्या विश्वचषकात कधी खेळला नाही. सगळा दोष पेपरांचा नाही, पण 14 वर्षांच्या पोराला पेले म्हणायची गरज काय होती?

तर तुमचं काम. पालकांनी नावासाठी फोन करायचाच नाही, संघ व्यवस्थापकाला करू द्या. त्याने त्याच रात्री निकाल, गोल करणाऱ्यांची पूर्ण नावं आणि मिनिटं लिहून पाठवावीत. नुसता जर्सी क्रमांक आला की आम्ही आदल्या आठवड्याची यादी काढायचो आणि हमखास चुकायचो. छापून आलेलं चुकलं असेल तर मात्र सोडू नका. काय छापलं, काय हवं होतं, एवढं लेखी कळवा. आणि चूक दुसऱ्याच्या मुलाबद्दल असली तरी कळवा. ‘अमक्याला फोटो, आमच्याला का नाही’ हे विचारलंत तर डेस्कवर तुमचं टोपणनाव पडेल.

मुलींच्या सामन्यांचे निकाल बहुतेक वेळा कुणी कळवतच नसे. त्यांच्या पालकांनी वरचं सगळं विसरून खुशाल फोन करावेत.

हे सगळं छोट्या पेपरातलं आणि मी ते काम सोडून सहा वर्षं झाली. आता काही ठिकाणी मुलांच्या सामन्यांना जागाच उरली नसेल. आणि एवढं सांगूनही फोन करणारच असाल तर संध्याकाळी सातच्या आत करा. त्यानंतर कुणी उचलत नाही, निदान मी तरी उचलत नव्हतो.